शेतात सापडलेला धातूचा तुकडा : त्याची ओळख कशी पटते आणि कुठे हरवते

१/
पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. उत्तरेकडून भीमा, दक्षिणेकडून नीरा, मधून कऱ्हा; आणि नीरा नरसिंहपूरला भीमा-नीरेचा संगम. या नद्यांच्या खोऱ्यात माणूस हजारो वर्षे वस्ती करून राहिला आहे. त्यामुळे नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदाईत किंवा घराचा पाया खणताना एखादा हिरवट पडलेला धातूचा तुकडा लागला, तर त्यात नवल नाही. अलीकडे त्यात धातुशोधक यंत्राची, म्हणजे मेटल डिटेक्टरची, भर पडली आहे. तुकडा हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे आहे तरी काय?

२/
या प्रश्नाचे उत्तर काढण्याची एक जुनी, शिस्तीची पद्धत आहे. तिच्या मुळाशी दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, ही वस्तू कोणती? त्याचे उत्तर बहुतेक वेळा वस्तूच देते. दुसरा, ही वस्तू इथे केव्हा आणि कशी आली? त्याचे उत्तर ती ज्या मातीत पडली होती त्या मातीकडे असते. महाराष्ट्रातला धातूचा एक अत्यंत मोलाचा ठेवा दुसऱ्या उत्तराअभावी पन्नास वर्षे वादात अडकून पडला आहे. त्याची कथा पुढे येईल. आधी पहिला प्रश्न.

३/
यंत्र नेमके काय सांगते? त्याच्या तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र पसरते. खाली धातू असेल तर त्यात लहान प्रवाह निर्माण होतात, त्यांचे क्षेत्र उलट वेटोळ्यापर्यंत पोहोचते आणि यंत्र वाजते. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण वापरून पाहिले होते. यंत्राला धातू कळतो. वय कळत नाही. कालचे सोड्याच्या बाटलीचे झाकण आणि तीनशे वर्षांपूर्वीचे नाणे, दोन्हींसाठी ते सारखेच वाजू शकते.

४/
म्हणून ओळख सुरू होते ती साध्या निरीक्षणाने. लोखंड चुंबकाला चिकटते आणि तांबूस-तपकिरी पापुद्रे धरून फुगते. तांबे व कासे चिकटत नाहीत. त्यांच्यावर हिरवा किंवा निळसर कळंक चढतो. शिसे आकाराच्या मानाने जड, मऊ आणि राखाडी असते. चांदी काळवंडते, सोने मात्र मातीत शतकानुशतके राहूनही आपला रंग सोडत नाही. एवढ्याने वय ठरत नाही, पण कोणत्या दिशेने शोध घ्यायचा ते कळते.

५/
त्यानंतर घडण. वस्तू साच्यात ओतलेली आहे की ठोकून घडवलेली? ओतीव वस्तूवर साच्याच्या दोन भागांची शिवण कधीकधी दिसते. ठोकलेल्या पत्र्यावर हातोडीच्या खुणा असतात. मळसूत्राचे आटे आणि अगदी एकसारखी जाडी दिसली, तर बहुधा कारखान्यातला माल हाती आला आहे. मग लांबी, रुंदी, जाडी आणि ग्रॅममधले वजन. धातूच्या जुन्या वस्तूंबाबत वजन हा फार बोलका पुरावा असतो, विशेषतः ती वस्तू नाणे असेल तेव्हा.

६/
या भागात गोल, जाडसर तांब्याची चकती मिळाली की ‘महाराजांचे नाणे’ ही हाक उठते. ही चकती पुष्कळदा खरोखरच शिवराई असते. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि स्वराज्याची स्वतंत्र नाणी सुरू झाली : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ आणि कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. फार्सी मजकुराच्या नाण्यांच्या काळात देवनागरीत उमटलेली ही अक्षरे म्हणजे सार्वभौमत्वाची घोषणाच होती.

७/
मात्र येथेच ओळखीतला पहिला सापळा आहे. नाण्यावर शिवाजी महाराजांचे नाव आहे म्हणून ते महाराजांच्या हयातीत पाडले असे ठरत नाही. तोच मजकूर असलेली शिवराई पुढे छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात, अनेक टांकसाळींतून, थेट इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत पडत राहिली. लोकांचा त्या नाण्यावर विश्वास होता, म्हणून मजकूर टिकला. शेतात मिळणाऱ्या शिवरायांपैकी मोठा हिस्सा या नंतरच्या काळाचा असतो.

८/
मग भेद कसा करायचा? अक्षरांच्या वळणावरून, ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ किंवा ‘पति’, ‘पती’ अशा लेखनभेदांवरून, मजकुराबरोबर उमटलेल्या लहान चिन्हांवरून, आणि वजनावरून. सुरुवातीच्या शिवराया साधारण तोळ्याच्या आसपास भरतात, नंतरच्या पुष्कळ त्याहून हलक्या आहेत. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती ‘दुदांडी’ शिवराई. ती उत्तरकालीन मानली जाते. ‘श्री राजा शंभु’ किंवा ‘श्री राजा शाहू’ असे नाव असेल तर प्रश्न बराचसा सुटतो.

९/
आणखी एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. शिवराईचा ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. चकती ठशाखाली जशी बसेल तेवढीच अक्षरे उमटत. त्यामुळे एका नाण्यावर नुसते ‘जा’ आणि ‘शि’ दिसते, दुसऱ्यावर ‘श्री’ची वेलांटी तेवढी. अर्धवट अक्षरे म्हणजे खोटे नाणे नव्हे. उलट चारही कडांना नीट बसलेली, तेजदार, अगदी सारखी दिसणारी नाणी समोर आली की जाणकार आधी सावध होतो, कारण हौशी संग्राहकांसाठी नकला करण्याचा धंदाही जुनाच आहे.

१०/
नाण्याखेरीज दुसरी वारंवार भेटणारी वस्तू म्हणजे टाक. चांदी, तांबे किंवा पितळेच्या पातळ पत्र्यावर उठावात घडवलेले खंडोबा, भैरोबा, देवी किंवा पूर्वज. जेजुरीच्या परिसरात आणि पूर्वेकडच्या साऱ्या गावांत देव्हाऱ्यातले हे कुलाचाराचे रूप. टाक झिजला, भंगला की नवा घडवून जुना नदीत सोडण्याची रीत आहे. म्हणून नदीपात्रात मिळालेला टाक हा दडवलेल्या धनाचा भाग नसतो. श्रद्धेने निरोप दिलेला देव तिथे विसावलेला असतो. शेतातल्या जुन्या घराच्या जोत्यापाशी तोच टाक मिळाला असता, तर अर्थ निराळा झाला असता. वस्तू तीच, जागेने कथा बदलली.

११/
तिसरा वर्ग लढायांचा. शिशाच्या गोळ्या, लोखंडी तोफगोळे, बाणांची आणि भाल्यांची टोके. हा मुलूख त्या दृष्टीने भरगच्च आहे. सुपे आणि इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. इंदापूरच्या रणात मालोजीराजे पडले असे कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ सांगते. सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. भीमेच्या काठी वर पेडगावचा बहादूरगड, खाली माचणूरजवळ ब्रह्मपुरी. तिथे १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी होती. पुढे बारामती पेशवाईतल्या बाबूजी नाईकांची. मोरोपंत त्यांच्याच आश्रयाला होते.

१२/
येथवर पहिल्या प्रश्नाची वाट झाली. दुसऱ्या प्रश्नासाठी बारामतीहून उत्तरेला, प्रवरेच्या काठी जावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचे गाव आहे. तेथे ताम्रपाषाण काळातील मोठी वस्ती दडलेली आहे, हे १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ बोपर्डीकर यांच्या लक्षात आले होते. १९७४ मध्ये तेथील एका शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार ओतीव वस्तू लागल्या. यंत्र नव्हते, हौस नव्हती. साधी शेतीची खोदाई होती.

१३/
त्या वस्तू अशा : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात हाकणारा माणूस उभा आहे. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा. प्राणी २० ते ३० सेंटीमीटरच्या आसपास उंचीचे, पायाखाली बैठक असलेले. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. भरीव धातू, सफाईदार ओतकाम, आणि प्राण्यांच्या अंगावर जिवंत डौल. प्राचीन भारतातील धातुशिल्पांत यांना तोड क्वचितच सापडेल.

१४/
पहिल्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळाले. या वस्तू कोणत्या, हे कोणीही सांगू शकत होते. पण केव्हाच्या? अनेक पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, इसवी सनापूर्वी सुमारे २००० च्या, ठरवल्या. सिंधू मुद्रांवर भेटणारे गेंडा, हत्ती आणि रेडा येथेही आहेत, हा एक आधार. दायमाबादलाच उत्तर-हडप्पा वस्तीचे थर मिळाले, हा दुसरा. हे मत खरे असेल, तर सिंधू संस्कृतीचा हात गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचल्याचा हा सर्वांत देखणा पुरावा ठरतो.

१५/
दुसरीकडे धातूचे पृथक्करण झाले. डी. पी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले. या प्रदेशातील इतर ताम्रपाषाणकालीन वस्तूंच्या धातूशी ते जुळत नव्हते. त्यामुळे या वस्तू बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष. दोन्ही बाजूंना अभ्यासक आहेत, दोन्ही बाजूंना पुरावा आहे. आणि दोन मतांमधले अंतर थोडेथोडके नाही. दीड-दोन हजार वर्षांचेही असू शकते.

१६/
दायमाबादचे उत्खनन या शोधानंतर नेटाने झाले. १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांनी आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तेथे काम केले. साव्हाळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असा पाच संस्कृतींचा क्रम उलगडला. तरीही त्या चार शिल्पांचा वाद मिटला नाही, कारण ती उत्खननकर्त्याच्या डोळ्यांदेखत थरातून निघालेली नव्हती. त्यांच्यासोबत कोणती खापरे होती, कोळसा होता का, खड्डा वरून खणून त्या पुरल्या होत्या का, हे त्या एका खोदाईत निसटले. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्याला ते कोणी सांगितलेलेच नव्हते.

१७/
याउलट कोल्हापूरचे उदाहरण पाहावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ ते १९४६ या काळात उत्खनन झाले. तेथे सातवाहनकालीन वस्तीत कासे-तांब्याच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची वीतभरापेक्षा लहान मूर्ती आणि रोमन घडणीची भांडी होती. केवळ मूर्ती पाहून कोणी म्हणाले असते, हा एखाद्या युरोपीय साहेबाच्या संग्रहातला जिन्नस इथे पडला असेल. परंतु तिच्याभोवतीचा थर आणि सोबतच्या वस्तू बोलत होत्या. रोमन जगाशी चाललेला व्यापार घाटमाथ्यावरच्या गावापर्यंत पोहोचला होता, हे त्या संगतीमुळे सिद्ध झाले.

१८/
यंत्राने केलेल्या शोधाचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतले आहे. १९९९ मध्ये नेब्रा गावाजवळच्या मिटेलबर्ग टेकडीवर दोघांनी परवानगीविना धातुशोधक फिरवला. त्यांना सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाची कासेची तबकडी मिळाली. तिच्यावर सोन्याचे सूर्य किंवा पूर्णचंद्र, चंद्रकोर आणि तारे जडवलेले. खणताना अवजाराचा घाव बसून तिची कड दुखावली. सोबत दोन तलवारी, कुऱ्हाडी, छिन्नी आणि वळ्यांचे तुकडे होते. सारा ऐवज दुसऱ्याच दिवशी ३१,००० मार्कांना विकला गेला.

१९/
पुढे तो चोरबाजारात फिरत राहिला. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात पोलिसांनी सापळा रचून तो ताब्यात घेतला. शोधणाऱ्यांनीच अखेर जागा दाखवली. वस्तूंना चिकटलेली माती तिथल्या मातीशी ताडून पाहण्यात आली. एका तलवारीच्या मुठीत भूर्जसालीचा कण शिल्लक होता, त्याच्या कार्बन-१४ चाचणीतून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० हा काळ निघाला. आकाशाचे हे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने मूर्त चित्रण मानले जाते. पण सगळा ऐवज खरोखर एकत्रच पुरला होता का, यावर आजही वाद घातला जातो. वादाचे मूळ त्या पहिल्या दिवशीच्या घाईत आहे.

२०/
मातीइतकाच महत्त्वाचा असतो वस्तूवरचा कळंक. जुनी तांब्याची वस्तू हाती आली की घरोघरी पहिला हात जातो चिंचेकडे, लिंबाकडे किंवा राखेकडे. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथे एका बालकाच्या दफनात गळ्यापाशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष टिकून होते. तपासणीत तो रेशमाचा धागा निघाला, त्यात कापसाचा अंशही होता.

२१/
पुणे जिल्ह्यातच घोड नदीकाठच्या चांडोली येथे अशाच तांब्याच्या मण्यांत जवसाच्या खोडापासून काढलेला धागा मिळाला. एरवी सूत आणि रेशीम दख्खनच्या मातीत कुजून जाते. तांब्याच्या क्षारांनी जंतूंना अटकाव केला, म्हणून तीन हजार वर्षांहून जुना धागा शिल्लक राहिला. ते मणी कोणी घासून लखलखीत केले असते, तर हाती चार चकचकीत मणी उरले असते. त्या काळातली माणसे कोणते तंतू वळत होती, ते कळण्याची वाट मात्र बंद झाली असती. कळंक ही पुष्कळदा वस्तूची घाण नसून तिची पेटी असते.

२२/
धातूच्या वस्तूला आणखी एक शत्रू आहे : भट्टी. तांबे आणि पितळ यांना मोडीचा भाव असतो, म्हणून जुने धातुकाम पिढ्यानुपिढ्या वितळत आले. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यातल्या एका तांबटाच्या घरी दोन जुने ताम्रपट होते. कुटुंब मूळचे अहमदनगरकडचे. ज्याच्या हातात मूस आणि हातोडा, त्याच्याच घरात ते पत्रे सुरक्षित राहिले. का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी त्यांचे वाचन केले.

२३/
तो निघाला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा दानपट. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, रुद्रसेनाची पट्टराणी आणि युवराज दिवाकरसेनाची माता. मुलाच्या वतीने तिने राज्यकारभार केला. दान नंदिवर्धनहून, म्हणजे विदर्भातून, दिलेले. वाकाटकांचा काळ नेमका कोणता, हा तोवर अडलेला प्रश्न या पत्र्यांतल्या गुप्त नात्यामुळे मार्गी लागला. एका मुशीच्या अंतरावर राणीचे नाव वाचले. येथे वस्तूवर मजकूर होता, म्हणून जागा हरवूनही ती बोलू शकली. बहुतेक वस्तूंवर मजकूर नसतो.

२४/
याचा अर्थ यंत्र वाईट असा नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न या १८७६ च्या रणभूमीवर वणवा पेटला आणि गवत जळून गेले. पुढच्या वर्षापासून पुरातत्त्वज्ञांनी तिथे धातुशोधक घेऊन आखीव रांगांत पाहणी केली. जिथे गोळी किंवा काडतूस मिळाले तिथे खूण रोवली, नकाशावर जागा मांडली, मगच वस्तू उचलली. कोणती बंदूक कुठून कुठे सरकत गेली, हे त्या खुणांवरून वाचता आले. कस्टरच्या अखेरच्या लढाईचा इतिहास नव्याने मांडावा लागला, तो या गोळ्यांच्या जागांमुळे.

२५/
हाच न्याय इंदापूरला लावून पाहावा. मालोजीराजे जिथे पडले त्या रणाची नेमकी जागा ग्रंथ सांगत नाहीत. जर ती कधी कळणार असेल, तर शेतांत विखुरलेल्या शिशाच्या गोळ्यांच्या आणि लोखंडी टोकांच्या मांडणीवरूनच कळेल. एक गोळी खिशात गेली तर तिचे मोल मोडीइतके. तीच गोळी जागेसह नोंदली गेली, तर चारशे वर्षांपूर्वीच्या दिवसाची ती एक साक्ष. पन्नास जणांनी पन्नास गोळ्या घरी नेल्या, तर रणभूमी कायमची पुसली जाते आणि कोणालाच आपण काही पुसल्याचे कळत नाही.

२६/
कायदा काय म्हणतो, तेही समजून घ्यावे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे : काय मिळाले, किती, कुठे आणि कोणत्या दिवशी. निधी बेवारस ठरला आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. शासनाला तो ठेवा हवा असेल, तर किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ते तो घेऊ शकते.

२७/
शोधणाऱ्याने न कळवल्यास त्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीविना खोदणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती व तत्सम वस्तू पुरावशेष ठरतात. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. लोक बहुधा कायद्याला नव्हे, जमीन जाण्याला भितात. पण एखादे नाणे कळवल्याने शेत सरकारजमा होते, असे या १८७८ च्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही.

२८/
इंग्लंडने हीच भीती दूर करण्याची निराळी वाट काढली. १९९६ चा निधी कायदा आणि १९९७ पासूनची नोंदणी योजना यांमुळे हौशी शोधक आपले लहानसहान सापडही नोंदवू लागले. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात यंत्राला सोने लागले. खबर अधिकाऱ्यांपर्यंत गेली आणि पुरातत्त्वज्ञांनी ते शेत तपासले. सोन्याचांदीचे हजारो तुकडे निघाले. ३२.८५ लाख पौंड एवढी रक्कम शोधक आणि जमीनमालक यांत वाटली गेली आणि ठेवा संग्रहालयांत राहिला. विश्वास बसला की माणसे कळवतात.

२९/
मग वस्तू लागली तर करायचे काय? आणखी खणू नये. वस्तू जागेवर असतानाच, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. गट क्रमांक, खोली आणि आसपासची खापरे, राख किंवा विटा यांची नोंद करावी. फोनवरील स्थाननिश्चिती टिपून ठेवावी. धुऊ नये, घासू नये, वाकलेले सरळ करू नये. तोफगोळा किंवा बाँबसारखे काही दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. त्यानंतर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालय, आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय.

३०/
ओळख पटवण्यासाठी जाणकार संस्था दूर नाहीत. पुण्याचे डेक्कन कॉलेज; भीमेच्या खोऱ्यातले इनामगाव त्याच संस्थेने १९६८ पासून दीड दशक उत्खनित केले. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच. नाण्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था. तज्ज्ञ पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही; तो विचारतो, ‘कुठे मिळाले?’ याचे उत्तर ज्याच्याकडे असते, त्याची वस्तू लहान असली तरी मोलाची ठरते.

३१/
उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव गेले. ज्या वर्षी जलाशय फार उतरतो त्या वर्षी पळसनाथाचे मंदिर पुन्हा उघडे पडते आणि पाहणाऱ्यांची रीघ लागते. मंदिर मोठे आहे, दगडाचे आहे. ते कोणी खिशात घालून नेत नाही. त्याच्या पायाशी, गाळात पडलेले एखादे तांब्याचे नाणे मात्र सहज उचलले जाते. मंदिर काय होते ते मंदिर सांगेल. तिथे कोण येत होते, काय वाहत होते, गाव केव्हा गजबजलेले होते, हे सांगणारा साक्षीदार ते नाणे असते. त्याची साक्ष टिकते ती फक्त ते जिथे पडले होते त्या जागेच्या नोंदीसह.